'सुधारित' म्हणजे काय? गिअरबॉक्सच्या अपडेटची एक समीक्षा

(कौंडण्यपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)



मघाशी बाहेर चहा घेताना एका काकांनी मला विचारलं, "सर, तुम्ही पुस्तकांवर बोलणारे माणूस. आज गाडीच्या गिअरबॉक्सवर कायले बोलून राह्यले?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करतो. समीक्षा म्हणजे मजकूर नीट वाचणं. कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, त्यात काय सांगितलं आणि काय गाळलं, हे पाहणं. गेल्या वर्षभरात मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेला मजकूर कादंबरीतला नाही, तो चार ओळींचा एक मेसेज आहे. आमच्या गाडीच्या कंपनीने पाठवलेला. तो असा:

"आपल्या वाहनाच्या ट्रान्समिशन कंट्रोल युनिटसाठी सुधारित सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. यामुळे गिअर बदलण्याचा अनुभव अधिक सुखद होईल. ही सेवा निःशुल्क आहे. कृपया नजीकच्या सेवा केंद्राशी संपर्क साधावा."

हे अपडेट घ्यायचं की नाही, एवढाच आजचा विषय. कंपनीचं नाव मी घेणार नाही. माझ्या एका गाडीच्या अनुभवावरून कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं योग्य नाही. पण ज्या प्रकरणांची नोंद सरकारदरबारी आणि न्यायालयात झालेली आहे, ती नावानिशी सांगेन.

आधी घरची पार्श्वभूमी. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, त्यातली एएमटी. ती घेतली माझ्या पत्नीसाठी. तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबणं बंद झालं. गाडी तिच्या नावावर आहे, चालवतेही तीच. मी बाजूला बसून सूचना देतो. (हशा)

दीड वर्षापूर्वी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. परत आली तेव्हा तिसऱ्याच दिवशी ही म्हणाली, "गाडी बदलून आणली का?" महामार्गावर दुभाजकाच्या फटीतून वळताना तिने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी क्षणभर नुसती उभीच राहिली. मग निघाली. घड्याळात तो क्षण म्हणजे सेकंदभर, फार तर दीड. पण समोरून ट्रक येत असताना दीड सेकंद किती मोठा असतो, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जॉबकार्ड काढून पाहिलं. तेल, फिल्टर, धुलाई, आणि शेवटी एक ओळ: "सॉफ्टवेअर अपडेट – १ नग." नग! जसा काही नट-बोल्ट. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तक्रार केली तर उत्तर आलं, "गाडी शिकते मॅडम. थोडे दिवस चालवा." आणि आता हा दुसऱ्या अपडेटचा मेसेज. म्हणजे एकदा न विचारता केलं, आता विचारताहेत.

एएमटी म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. भारतात हा प्रकार घरोघरी पोचवला २०१४ साली आलेल्या मारुती सेलेरिओने. आत गिअरबॉक्स साधाच असतो, हाताने गिअर टाकायच्या गाडीसारखाच. क्लचही साधाच. फरक एवढा, की क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांत्रिक असतात, आणि त्या हातापायांना हुकूम देणारा एक छोटा संगणक असतो. त्याला म्हणतात ट्रान्समिशन कंट्रोल युनिट. चाकांचा वेग, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटरवर किती दाब आहे, हे पाहून तो ठरवतो की क्लच केव्हा सोडायचा, किती हळू सोडायचा, कितव्या गिअरवर जायचं.

आता बघा, नवीन माणूस गाडी शिकतो तेव्हा काय करतो? चढावर क्लच अर्धवट धरून ठेवतो. गाडी गुळगुळीत चालते, पण क्लच घासतो, तापतो, वास मारतो. उलट क्लच पटकन सोडला तर क्लच वाचतो, पण गाडी हिसका देते. संगणकापुढेही पेच हाच आहे. बसणाऱ्याचं सुख पाहिलं तर क्लच झिजतो आणि क्लच जपला तर हिसके बसतात. मग तिसरा मार्ग म्हणजे इंजिनालाच थोडं थांबवून ठेवायचं, म्हणजे हिसकाही नाही आणि झीजही नाही. पण मग गाडी निघायला उशीर करते. दुभाजकापाशी आमचं झालं ते बहुधा हेच.

सांगायचं असं, की गिअरबॉक्सच्या अपडेटमध्ये निव्वळ 'सुधारणा' क्वचितच असते. बहुतेक वेळा ती वाटणी असते. एकाच्या वाट्याचं थोडं काढून दुसऱ्याच्या वाट्याला दिलेलं असतं. वॉरंटीच्या काळात क्लच जळला तर खर्च कंपनीचा. गाडी दीड सेकंद उशिरा निघाली तर जोखीम चालवणाराची. त्यामुळे तराजू कुणीकडे झुकवला, हे कळल्याशिवाय 'सुधारित' या शब्दाला अर्थ नाही.

आता तो मेसेज पुन्हा वाचा. "सुधारित." काय बिघडलं होतं? ते सांगितलेलं नाही. बिघाड न सांगता सुधारणा सांगितली, की चूक कबूल करावी लागत नाही. "उपलब्ध आहे." वाक्याला कर्ता नाही. पाऊस पडतो तसं सॉफ्टवेअर उपलब्ध होतं. "अनुभव अधिक सुखद होईल." गिअर नीट पडेल असं म्हटलेलं नाही, अनुभव सुखद होईल म्हटलंय. अनुभव मोजता येत नाही, म्हणून त्याबद्दल तक्रारही करता येत नाही. "निःशुल्क." पैसे लागणार नाहीत हे खरं. पण दुसरी काही किंमत आहे का, याबद्दल अक्षर नाही. चार ओळींत एकही विधान खोटं नाही, आणि निर्णयासाठी लागणारी एकही गोष्ट त्यात नाही. माझी टीका यावर आहे. अपडेटवर नंतर बोलू, आधी हा मजकूर नापास.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही फार संशयी. म्हणून तीन प्रकरणं सांगतो.

पहिलं आपल्या महाराष्ट्रातलं. फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. २०१५ साली अमेरिकेत उघड झालं की कंपनीच्या डिझेल गाड्यांतल्या सॉफ्टवेअरला चाचणी चालू आहे हे ओळखता येत होतं. चाचणीत धूर कमी, रस्त्यावर जास्त. भारतात पुण्याच्याच एआरएआय या संस्थेने गाड्या रस्त्यावर तपासल्या. मर्यादेच्या पाच ते नऊपट नायट्रोजन ऑक्साइड सापडले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. उपाय काय? सॉफ्टवेअर अपडेट. पुढे मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वसुलीवर स्थगिती दिली.

यात मालकाचा पेच पाहा. त्याची गाडी मजेत चालत होती. अपडेट घेतल्यावर मायलेज पडेल का, ओढ कमी होईल का, ही धाकधूक. युरोपात अपडेटनंतर गाडी बिघडल्याच्या तक्रारी अनेकांनी केल्या. पण अपडेट नाकारलं, तर तो धूर कुणाच्या छातीत जाणार? मागच्या दुचाकीवाल्याच्या. जर्मनीत तर ज्यांनी अपडेट घेतलं नाही अशा काही गाड्या रस्त्यावरून उतरवल्या गेल्या. मला वाटतं ते बरोबर होतं. माझ्या सोयीसाठी दुसऱ्याचा श्वास मी गहाण ठेवू शकत नाही. म्हणजे 'माझी गाडी, माझी मर्जी' हे उत्तर नेहमी चालत नाही, हे आपण लक्षात ठेवू.

दुसरं प्रकरण थेट गिअरबॉक्सच्या संगणकाचं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये 'बिल्ड अम सोनटाग' या जर्मन वृत्तपत्राने बातमी दिली की कॅलिफोर्नियाच्या तपासनिसांना ऑडीच्या काही ऑटोमॅटिक गाड्यांत एक करामत सापडली. स्टिअरिंग वळत नसेल तर गिअरबॉक्स इंधन वाचवणाऱ्या पद्धतीने गिअर टाकायचा, आणि ते पंधरा अंशांपेक्षा जास्त वळलं की नेहमीच्या पद्धतीवर यायचा. आता स्टिअरिंग अजिबात न वळवता गाडी कुठे चालते? प्रयोगशाळेतल्या रोलरवर. (हशा) पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केलं की, फोक्सवॅगन समूहाच्या २०१३ ते २०१७ या वर्षांतल्या सुमारे ९८,००० पेट्रोल गाड्यांचे मायलेजचे आकडे दुरुस्त करावे लागतील, कारण गिअर टाकणारं सॉफ्टवेअर चाचणीत वेगळं वागत होतं. फरक फार मोठा नव्हता, गॅलनमागे मैलभराचा. पण मुद्दा कळतो. गिअर केव्हा बदलायचा, हा निर्णय निरागस नसतो. तो कुणासाठी बदलला जातोय, हे विचारावंच लागतं.

तिसरं प्रकरण सगळ्यात बोलकं. फोक्सवॅगनच्याच सात गिअरच्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सबद्दल चीनमध्ये तक्रारी वाढल्या. हिसके बसतात, मध्येच ओढ जाते. २०१२ साली आधी सॉफ्टवेअर अपडेट दिलं गेलं, मग वॉरंटी वाढवली. तक्रारी थांबल्या नाहीत. मार्च २०१३ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात हा विषय काढला आणि काही दिवसांत ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने जगभरातल्या सोळा लाख गाड्यांचं गिअरबॉक्स तेल बदलण्याचं ठरवलं. सिंथेटिक तेल काढून खनिज तेल, कारण उष्ण-दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता. दुखणं तेलात आणि सुट्या भागात, आणि पहिलं औषध संगणकाला! कारण साधं आहे. सॉफ्टवेअर स्वस्त पडतं. गिअरबॉक्स उघडावा लागत नाही.

याच्याच शेजारी ऑस्ट्रेलियातलं प्रकरण ठेवा. फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या गाड्या थरथरायच्या. गिऱ्हाईक गेलं की सांगितलं जायचं, तुमची चालवायची पद्धत चुकते. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने या वागणुकीबद्दल कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. गाडीत दोष असल्याचं कंपनीला माहीत असतानाही चालकाला दोष दिला गेला, हा त्यातला गंभीर भाग. "गाडी शिकते मॅडम, थोडे दिवस चालवा," हे वाक्य मला तेव्हापासून नुसतं ऐकवत नाही. आता त्यात तथ्य आहे हेही सांगतो. अपडेटनंतर संगणकाने क्लचबद्दल शिकलेलं पुसलं जाऊ शकतं आणि तो पुन्हा अंदाज बांधतो. पण त्याला मुदत असली पाहिजे. किती दिवस? किती किलोमीटर? ते विचारल्यावर आमच्याकडे कुणी बोललं नाही.

बरं, एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग घेऊच नये अपडेट. आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, त्यांचं म्हणणं हेच. "गाडी चालून राह्यली ना? मंग कायले हात लावता?" हे वाक्य मला फार आवडतं, आणि ते चुकीचं आहे. कारण त्यात असं गृहीत धरलंय की जुनं सॉफ्टवेअर म्हणजे मूळ, शुद्ध, निर्दोष. तसं नसतं. ज्या घाईत नवं लिहिलं जातं त्याच घाईत जुनंही लिहिलेलं असतं. आणि काही दोष चालत असताना दिसत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्नाच्या सीव्हीटी प्रकारातल्या ७,६९८ गाड्या भारतात परत बोलावल्या, गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरमध्ये दोष असण्याची शक्यता होती म्हणून. अशा वेळी "चालून राह्यली ना" म्हणून घरी बसायचं का?

इथे मला आपल्या भागातलीच एक गोष्ट आठवते. रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात. तिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र जुळवलं. चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे मूळ प्रत हरवली, ग्रंथ पुन्हा जुळवावा लागला, पाठभेद झाले. अभ्यासक नवा पाठ आला म्हणून जुना फेकत नाहीत, आणि जुना आहे म्हणून नव्याला दारही लावत नाहीत. ते विचारतात: हा पाठ कुणाचा? का बदलला? दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील का? गाडीच्या बाबतीत तिसरा प्रश्न विचारायची सोयच नाही. नवा पाठ चढला की जुना गेला. परत जुन्यावर जायचं म्हटलं तर सेवा केंद्र बहुतेक वेळा नकार देतं. म्हणून पहिले दोन प्रश्न आधी आणि जोरात विचारले पाहिजेत.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. त्यानुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्याआधी हा सगळा मामला कंपन्यांच्या स्वेच्छेचा होता. पण हे कलम दोषाबद्दल आहे. आमच्या मेसेजमध्ये दोष हा शब्दच नाही, तो 'सुखद अनुभव' आहे. पळवाट तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रांचा १५६ क्रमांकाचा नियम जानेवारी २०२१ पासून लागू आहे, तो खास गाड्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटबद्दल. इंटरनेटवरून थेट गाडीत येणाऱ्या अपडेटसाठी त्यात म्हटलंय की वापरणाऱ्याला आधी कळवा: हेतू काय, कोणते बदल, किती वेळ लागेल. याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस १९० हे मानक आणलं गेलं आहे. माझी मागणी साधी आहे. हेतू आणि बदल या दोन ओळी प्रत्येक अपडेटला हव्यात, मग ते हवेतून येवो की सेवा केंद्राच्या वायरीतून. जॉबकार्डावर 'एक नग' चालणार नाही.

आता आम्ही काय केलं ते सांगतो.

मी नेहमीप्रमाणे लांबलचक पत्र लिहायला घेतलं. पत्नी म्हणाली, "गाडी माझ्या नावावर, चालवते मी, आणि मेसेज तुमच्या फोनवर कसा येतो?" मी गप्प. खरेदीच्या वेळी नंबर माझा दिला होता. मंडळी, आपण कुठे बसलो आहोत? रुक्मिणीच्या माहेरी. इथे तिचं लग्न भावाने परस्पर ठरवलं होतं, शिशुपालाशी. स्थळ त्याच्या मते उत्तमच होतं. तिला विचारलं नाही, एवढीच त्रुटी. तिने स्वतः पत्र पाठवलं आणि पुढची कथा तुम्हाला पाठ आहे. मला कुणाची तुलना कुणाशी करायची नाही. पण जिच्या हातात स्टिअरिंग, तिला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवायचं, ही सवय जुनी आहे.

तर पत्र तिनेच लिहिलं. चार प्रश्न. एक, हे अपडेट कोणत्या तक्रारीसाठी आहे? दोन, गाडीच्या वागण्यात नेमकं काय बदलेल? तीन, क्लचची झीज आत्ता किती आहे? ती मोजून लिहून द्या, म्हणजे दुखणं क्लचचं की संगणकाचं ते कळेल. चार, जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरचा क्रमांक जॉबकार्डावर द्या. लेखी उत्तर आलं ते पुन्हा 'सुधारित आवृत्ती' असंच. पण सेवा केंद्रात गेल्यावर तिथला तरुण तंत्रज्ञ खरं बोलला. चिखलदऱ्याच्या घाटात पावसाळी रविवारी लागते तशी रांग, चढावर थांबत-थांबत जायचं, क्लच तापायचे. म्हणून आधीच्या अपडेटमध्ये क्लच जपला होता. त्यात सपाट रस्त्यावरही गाडी निघायला अडखळू लागली. आता ते सैल केलंय. दोन मिनिटांत सगळं कळलं! हे मेसेजमध्ये लिहायला काय हरकत होती?

तिने होकार दिला. अट एकच घातली, अपडेटनंतर तंत्रज्ञाने सोबत बसायचं आणि त्याच दुभाजकावर वळून दाखवायचं. तो आला. गाडी आता आधीपेक्षा लवकर निघते. पहिल्यासारखी नाही. क्लचही बराच झिजलेला निघाला, तो पुढे बदलावा लागेल. म्हणजे गोड शेवट नाही, पण काय घेतलं आणि काय सोडलं ते आम्हाला माहीत आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगून थांबतो. अपडेट सुरक्षेचं किंवा प्रदूषणाचं असेल, अधिकृतपणे गाड्या परत बोलावल्या असतील, तर घ्या, वेळ काढू नका. त्यात दुसऱ्यांचा जीव गुंतलेला असतो. फक्त 'अनुभव' सुधारणारं असेल, तर कोणत्या तक्रारीसाठी, ते विचारल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि अपडेटनंतर गाडी बदलल्यासारखी वाटली, तर तुमच्या पायाला दोष देण्याआधी तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.

(श्रोत्यांमधून एका ताईंनी विचारलं: "सर, एवढे प्रश्न विचारले तर सेवा केंद्रवाले त्रास देतात. साधं गिऱ्हाईक काय करेल?")

ताई, खरं आहे. म्हणून चारही नका विचारू. एकच विचारा, आणि उत्तर लिहून घ्या: "आधी काय चुकत होतं?" याचं उत्तर मिळालं नाही, तर त्या दिवशी फक्त तेल बदलून घ्या आणि घरी या.